चेमुलचा सोनार आणि चौलचा थांबा

परवाच्या शनिवारी बऱ्याच वर्षांनी एस्टीने चौलला गेलो. एरवी पहाटे गाडी काढायची, वडखळला चहा-वडा, अलिबाग मागे टाकलं की नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा तो सावलीचा रस्ता, आणि मग थेट मावशीच्या अंगणात गाडी लावायची, असा शिरस्ता. या वेळी गाडी गॅरेजमध्ये होती आणि मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे जाणं भाग होतं. आईला म्हटलं, "तूही चल. तुझं वय पंचाहत्तरच्या वर, तुला तर तिकीटही पडणार नाही." चौल हे आईचं माहेर. माहेरचं नाव निघालं की एरवी तिची पिशवी आधी भरलेली असते. पण ती म्हणाली, "एस्टीने नको रे. तूच जाऊन ये."

मी फार खोलात गेलो नाही. वय झालंय, दगदग नको वाटत असेल, असं समजून निघालो.

परतताना चौलच्या थोडं पुढे एका फाट्यावर (नाव मुद्दामच सांगत नाही) अलिबागच्या गाडीसाठी उभा राहिलो. पन्नास मिनिटं. मोबाइलची बॅटरी संपली होती, त्यामुळे नाइलाजाने आजूबाजूला बघावं लागलं! आणि जे दिसलं त्यावरच आजचा हा लेख आहे.

तिथे प्रवाशांसाठी एक शेड होती. तीन बाजूंनी भिंत, वर पत्रा, दर्शनी भागावर भलीमोठी पाटी. निधी कुणाचा, प्रयत्न कुणाचे, उद्घाटन कुणाच्या हस्ते, सगळं तपशीलवार. गाडी कुठली आणि किती वाजता, हे मात्र कुठेच नाही. आतला सिमेंटचा बाक एका बाजूने खचलेला. उरलेल्या सावलीत दोन मोटरसायकली आरामात उभ्या. भिंतींवर कोणीतरी हौसेने वारली चित्रं काढली होती, त्यातला अर्धा तारपा एका क्लासच्या जाहिरातीखाली गेला होता.

गाडीची वाट बघणारी माणसं मोजली. (ही आमची धंद्याची सवय. रांग दिसली की मोजायची.) अकरा होती. दोन कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन, चार कॉलेजची मुलं, एक म्हातारं जोडपं, एक बाई कडेवर पोर घेऊन, एक एसएससीला असेल असा मुलगा आणि मी. शेडमध्ये किती? एकही नाही. सगळी जनता समोरच्या किराणा दुकानाच्या पडवीत. तिथे एक लाकडी बाकडं, पाण्याचा माठ आणि आंब्याची सावली. मी शहाण्यासारखा शेडकडे निघालो तर दुकानातल्या काकी म्हणाल्या, "तिथे नका बसू दादा, तिथून गाडी दिसत नाय. आणि डायवरला पण तुम्ही दिसत नाय."

मी चाट पडलो. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, "युजरला विचारा, युजरला विचारा" म्हणून ज्युनियर पोरांचं डोकं खाल्लं, आणि इथे काकींनी एका वाक्यात अख्ख्या शेडचा डिझाइन रिव्ह्यू करून टाकला. बाजूची भिंत नेमकी गाडी येते त्या अंगाला होती. आपल्या भाषेत थांबणाऱ्याला नुसतं थांबायचं नसतं, त्याला "वाट पाहायची" असते. शेड बांधणाऱ्याने ती वाटच झाकून टाकली होती.

परतीच्या प्रवासात एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. वाटसरूसाठी जागा बांधणं ही गोष्ट आपल्याला कधीच जमत नव्हती, की जमत होती आणि मग आपण विसरलो?

*

चौलमध्ये बसून हा प्रश्न विचारणं तसं गमतीचंच. कारण चौल हे गाव म्हणजे दोन हजार वर्षं चाललेला एक स्टँडच आहे. कुंडलिकेच्या मुखाजवळचं हे बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, कल्याणच्या पुढे याचं नाव 'सेमिल्ला' असं येतं. टॉलेमीने 'सिमिल्ला' लिहिलं. आपल्याकडच्या शिलालेखांत ते 'चेमुल'. अरबांनी 'सैमूर' केलं. अल्-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, इथे येऊन गेला. त्या वेळी इथे १०,००० मुसलमान राहत होते आणि त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले लोक होते, असं त्याने नोंदवलंय. आज पोफळीच्या वाडीत सुपाऱ्या वाळत घातलेल्या बघताना हे खरं वाटत नाही, पण आहे.

पुढे १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. गोरा माणूस बघून लोक आपल्या मागे मागे चालतात, हे त्याने नवलाने लिहून ठेवलंय. (कोकणातली ही सवय तेवढी अजून टिकून आहे.) चौलहून तो पायी पालीला ८ दिवसांत, तिथून उमरीला १० दिवसांत आणि तिथून जुन्नरला ६ दिवसांत पोहोचला. एकूण २४ दिवस. तेवढ्या वेळात तो राहिला कुठे, जेवला काय? तर या देशात व्यापारी सराईत उतरतात, तिथल्या बायका पाहुण्यांसाठी रांधतात, अंथरूण घालून देतात, असं त्याने सांगितलंय. रस्ता वाईट असेल, दिवस फार लागत असतील, पण वाटेत थांबणाऱ्या माणसाचा विचार कुणीतरी केलेला होता. रेवदंड्याला शाळेच्या आवारात २००२ मध्ये या निकितिनचं स्मारक उभं राहिलंय. कधी गेलात तर जरूर बघा.

पण मला सगळ्यात आवडतो तो याच्याही तेराशे वर्षं आधीचा एक माणूस. कान्हेरीच्या लेण्यांत एक छोटा ब्राह्मी लेख आहे. चेमुलचा राहणारा, रोहिणिमिताचा मुलगा सुलसदत याने पाण्याची 'पोढी', म्हणजे टाकं, दान दिल्याचा. तो स्वतःला 'हेरणिक' म्हणवतो. काही अभ्यासक याचा अर्थ सोनार करतात, काही खजिनदार. आपण सोनार धरू. तर चौलच्या या सोनाराने समुद्र आणि खाड्या ओलांडून, साष्टीच्या डोंगरात जाऊन, पैसे कशावर खर्च केले? पाण्यावर. भिक्षू, व्यापारी, यात्रेकरू, जो कोणी डोंगर चढून धापा टाकत येईल त्याच्यासाठी. लेखात स्वतःचं नाव आहे, बापाचं नाव आहे, गावाचं नाव आहे. म्हणजे नावाचा सोस तेव्हाही होता. पण पाटी एका ओळीची आणि टाकं डोंगराच्या दगडात कायमचं खोदलेलं. आमच्या फाट्यावर हे प्रमाण नेमकं उलटं झालंय.

*

निकितिन ज्या जुन्नरला पोहोचला, तिथला नाणेघाट हे याच गोष्टीचं मोठं रूप. कोकणातल्या बंदरांवरचा माल देशावर नेणारी ही जुनी वाट. घाटमाथ्याजवळ सातवाहनांनी एक मोठी गुहा कोरली. आत तीन बाजूंना बाक आहेत आणि भिंतींवर नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख. त्यात यज्ञ आणि दानं यांच्या याद्या आहेत. त्या लेखातले ब्राह्मी आकडे आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत. (आमच्यासारख्या आकडेमोडीवर पोट असणाऱ्यांनी एकदा तरी जाऊन नमस्कार करावा अशी जागा.) मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी वगैरे. आज पुतळे गेले, नावं आणि एकदोन ठिकाणी पावलांच्या खुणा राहिल्यात.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मित्राला म्हटलं होतं, "अरे, हा तर फ्लेक्स आहे! सहकुटुंब, नावानिशी, ऐन रहदारीच्या जागी." गंमत सोडून द्या, पण फरक बघा. राजाने आपला फ्लेक्स लावला तो बसायच्या बाकांवर. बाहेर दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वाटेवर दगडी फरसबंदी आहे. माथ्यावर तो मोठा दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकत असं परंपरा सांगते. म्हणजे जकात घेतली, स्वतःची जाहिरातही केली, पण त्याबरोबर सावली, पाणी आणि बैठकही दिली. कला तिथे आहे ती या तिघांच्या सोबतीने.

चौलमध्येही हेच दिसतं. चौलात ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं जुनी माणसं सांगतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असा तो हिशेब. आकडा सोडा, पण देऊळ आणि तळं ही जोडी बघा. रामेश्वराच्या देवळापुढे पुष्करणी आहे, दीपमाळ आहे. दमलेला माणूस पायऱ्या उतरून पाय धुतो, सभामंडपात टेकतो, कोरीवकाम त्याला आपोआप दिसतं. राजकोटाच्या बाजूला मुसलमानी अमदानीतल्या हमामखान्याचे अवशेष आहेत. धर्म वेगळा, बांधणी वेगळी, पण लांबून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही रीत एकच. आपल्या घरी पाहुणा आला की आपणही पहिल्यांदा पाण्याचा तांब्याच पुढे करतो ना? भिंतीवरचे फोटो नंतर दाखवतो.

*

मग हे तुटलं कधी?

मला वाटतं, प्रवास हा 'खात्या'चा विषय झाला तेव्हा. म्हणजे खातं वाईट होतं असं नाही, उलट खात्यांनी जे केलं ते एकेकट्या दात्याला कधीच जमलं नसतं. पण दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्या. कला एकीकडे गेली आणि बसायची जागा दुसरीकडे.

याचं सगळ्यात भव्य उदाहरण म्हणजे आपलं व्ही.टी., आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं डिझाइन. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला नाव दिलं गेलं. घुमटावर 'प्रगती'ची मूर्ती, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह (म्हणजे साहेब) आणि दुसरीकडे वाघ (म्हणजे आपण). दगडातले मोर, माकडं, पानंफुलं या सगळ्या कोरीवकामात मुंबईच्या कलाशाळेच्या, म्हणजे जे. जे.च्या, विद्यार्थ्यांचा हात आहे. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला तो उगीच नाही. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी रोज तिथून जात होतो आणि लोकल चुकली की खांबावरची शिल्पं बघत बसायचो. बसायचो म्हणजे उभाच असायचो!

कारण ही सगळी कलाकुसर होती ती साम्राज्याचा डौल दाखवायला. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचं काय? गांधीजींनी १९१७ मध्ये 'हिंदुस्थानच्या रेल्वेतला तिसरा वर्ग' या विषयावर छोटी पुस्तिकाच काढली. गर्दी, घाण, पाण्याचे हाल, सगळं स्वतःच्या अनुभवावरून. मोर दगडात कोरलेला आणि माणूस फलाटावर गाठोड्याला टेकून, हा विरोधाभास तेव्हापासूनचा आहे.

त्याच मुंबईत याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते आम्हा अलिबागकडच्यांच्या जिव्हाळ्याचं. भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, म्हणजे 'भाऊ', यांनी १८४१ च्या सुमारास कोकणातून होड्यांनी येणाऱ्या लोकांसाठी धक्का बांधला. पुढे धक्क्याची बांधकामं, रूपं बदलत गेली. पण नाव बघा, त्याला कुठल्या लाटसाहेबाचं नाव चिकटलं नाही. लोकांनी 'भाऊ'च ठेवला. ज्या जागेने आपल्याला पाय कोरडा ठेवून उतरू दिलं, तिला लोक असं घरच्या माणसाचं नाव देतात.

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसला निघाली आणि वाटेतच बुडाली. ६०० हून अधिक माणसं गेली. गटारी अमावास्येला घरी निघालेले चाकरमानी होते. आमच्याकडे अजून आषाढात बोटीचा विषय निघाला की म्हातारी माणसं गप्प होतात. प्रवासाच्या जागेवरची कला म्हणजे काय असावं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, ही आठवण. धक्क्यावर, रेवसला, मांडव्याला, जिथून आपण रोज निष्काळजीपणे बोटीत पाय टाकतो तिथे. नुसती फुलं-पाखरं कशाला?

*

मग एस्टी आली. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत एस्टी गावोगाव पोहोचली. रेवदंड्याला तर एस्टीचा रस्ता पोर्तुगीजांच्या कोटाच्या तटातून आत शिरतो. ज्या तटाने शत्रूला अडवायचं, त्यातून लाल डबा धुरळा उडवत जातो, हे दृश्य मला लहानपणी फार आवडायचं.

आणि लोकांनी काय केलं माहिती आहे? जिथे शेड नव्हती तिथे त्यांनी स्वतःची जागा शोधली. पिंपळाचा पार, देवळाची ओसरी, चहाची टपरी. गावोगावचा एस्टीचा थांबा पाराजवळ असायचा तो योगायोग नव्हे. पारावर आधीपासूनच माणसं बसायची, गाडी तिथे येऊन थांबायला लागली. पत्रं तिथे यायची, पेपर तिथे यायचा, मुंबईहून येणाऱ्या माणसाला अख्खं गाव तिथेच भेटायचं. मार्गशीर्षातल्या चौलच्या दत्ताच्या यात्रेला पाच दिवस हेच चित्र असतं. जादा गाड्या, पाळणे, मिठाईची दुकानं, आणि थांब्यावर कोण कुणाचा पाहुणा ते ओळखू येत नाही. 'सामुदायिक जागा' असा जड शब्द नव्हता तेव्हा, पण वस्तू होती.

पुढे रस्ते रुंद झाले, पार गेले, त्यांच्या जागी शेड आल्या. आणि शेड बांधताना पार का चालत होता, हे कुणी बघितलं नाही. पार चारी बाजूंनी उघडा असतो. उंची अशी की म्हाताऱ्या माणसाला गुडघे न दुमडता टेकता येतं. वर सावली जिवंत. आणि गाडी लांबून दिसते. या चार गोष्टी कागदावर कधी उतरल्याच नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनी सिस्टिम कुणी वाचलीच नाही आणि नवी लिहून टाकली!

अलीकडे बदल होतोय, नाही असं नाही. चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन रेल्वे स्टेशनांवर ताडोबाच्या जंगलाची चित्रं आणि शिल्पं केली गेली आणि २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत त्यांना देशात पहिलं बक्षीस मिळालं. मला यातलं जास्त आवडलं ते हे, की चित्रं त्या मातीतली होती. चंद्रपूरला उतरलं की चंद्रपूर दिसतं. आता आमच्या शेडमधली वारली चित्रं आठवा. वारली कला सुंदरच आहे, पण ती डहाणू-जव्हारकडची, त्या लोकांची. चौलजवळच्या भिंतीवर ती का? चौलची स्वतःची चित्रं संपली का? दीपमाळ आहे, सातखणी मनोरा आहे, पोफळीवर सरसर चढणारा माणूस आहे, निकितिन आणि त्याचा घोडा आहे. कोर्लईत चारेकशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीजांपासून चालत आलेली वेगळी बोली आजही बोलतात. यातलं काहीच थांब्यावर दिसत नाही.

एस्टीनेही १ मे २०२३ पासून स्वच्छ आणि सुंदर बसस्थानकांचं अभियान काढलं. त्याच्या बरीच आधीपासून काही स्टँडवर 'हिरकणी कक्ष' आहे, तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या आईसाठी. रायगडचा कडा उतरून बाळाकडे धावणारी हिरकणी आमच्याच जिल्ह्यातली. मला ही कल्पना डिझाइन म्हणून फार उंचीची वाटते. एक आडोसा, एक खुर्ची, आणि दारावर असं नाव की ज्या बाईला गरज आहे तिला ते वाचताक्षणी कळावं. कला आणि सोय पुन्हा एकत्र आली ती इथे.

बाहेरच्या जगातलंही एक सांगतो. स्टॉकहोमच्या मेट्रोत १९५७ पासून कलाकार स्टेशनं सजवताहेत आणि आज १०० पैकी ९० हून अधिक स्टेशनांत कला आहे, हे अनेकांना माहीत असतं. पण मला जवळचं वाटतं ते ऑस्ट्रियातलं क्रुमबाख. जेमतेम हजार वस्तीचं खेडं. २०१४ मध्ये त्यांनी जगभरातल्या सात नामवंत वास्तुरचनाकारांकडून सात बसथांबे करून घेतले. मोबदला? त्या भागात फुकट सुट्टी! बांधकाम केलं गावच्याच आसपासच्या कारागिरांनी. हजार माणसांचं गाव हे करू शकतं, तर चौलला तर ऐन सुट्टीत घर भरून पाहुणे असतात.

*

घरी आल्यावर आईला हे सगळं ऐकवलं. सोनार, राणी, भाऊचा धक्का, क्रुमबाख. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बसायला जागा होती का?"

"काकींच्या पडवीत होती."

"आणि संडास?"

मी गप्प. मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती एकटी एस्टीने माहेरी निघाली होती. वाटेतल्या एका स्टँडवर दीड तास गाडी बदलण्यासाठी थांबावं लागलं. बाक होते, पण इतके खोल की बसलं तर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना आणि आधाराला काही नाही. बायकांच्या बाजूचं दार बंद, किल्ली कुणाकडे ते कुणाला ठाऊक नाही. "सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, म्हणून निभावलं," ती म्हणाली. "तेव्हापासून ठरवलं, एस्टीने नाही जायचं. तुला वेळ असेल तेव्हा गाडीने ने. नाहीतर राहिलं."

आता बघा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीवरच्या लोकांना एस्टी मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. सरकारने तिकिटाचा प्रश्न सोडवला, आणि माझी आई तरीही माहेरी जात नाही. सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन झालं तरी गेली नाही. कारण कुठेतरी एक बाक चुकीचा आहे आणि एक दार बंद आहे. पाणी न पिता प्रवास करणाऱ्या अशा किती बायका असतील? त्या तक्रार करत नाहीत. त्या फक्त जायचं बंद करतात.

सुलसदताने पाण्याचं टाकं दिलं आणि दोन हजार वर्षांनी त्याच्या गावची लेक पाणी न पिता प्रवास करते. या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकलो.

*

नुसती तक्रार करून थांबणं इंजिनिअरला शोभत नाही, म्हणून थोडं पुढचं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षात कळते. बांधायला लागतात त्यापेक्षा जास्त पैसे सांभाळायला लागतात. आणि हेही कान्हेरीवाल्यांना ठाऊक होतं! तिथल्या लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. म्हणजे मोडायची नाही अशी ठेव. मुद्दल तसंच ठेवायचं, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च भागवायचे. पुढे शिलाहारांच्या काळातल्या, इ.स. ८४३ च्या सुमाराच्या लेखात तर विहाराच्या दुरुस्तीसाठी, वस्त्रांसाठी आणि पोथ्यांसाठी वेगवेगळे द्रम्म नेमून दिलेत. दुरुस्तीचं स्वतंत्र अंदाजपत्रक! आमच्या शेडच्या पाटीवर बांधणाऱ्याचं नाव आहे, झाडणाऱ्याचं नाही. कुलूप आहे, किल्ली कुणाकडे ते नाही.

म्हणून मावशीच्या मुलाशी, म्हणजे आमच्या दादाशी, फोनवर बोललो. त्याच्या ओळखीचे दोन-चार जण आहेत, शाळेतले चित्रकलेचे सर आहेत. ठरवलंय ते अगदी लहान आहे. रीतसर परवानगी काढायची. शेडची गाडीकडची भिंत कमरेपर्यंत उतरवता येते का ते बघायचं, म्हणजे वाट दिसेल. बाक दुरुस्त करायचा, अठरा इंच उंचीचा, आणि दोन्ही टोकांना धरून उठायला दांडा. गाड्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत, चष्मा विसरलेल्यालाही वाचता येतील अशा. एक माठ. तो रोज भरायचं काकींनी कबूल केलंय, त्यांचा माठ तर आहेच. संडासाचं काम आमच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्यासाठी अर्ज करायचाय आणि अर्जाच्या मागे लागायचंय. आणि हे सगळं झालं की, त्याच्या आधी नाही, मागच्या भिंतीवर मुलांनी चौल काढायचं. चेमुलपासून रेवदंड्याच्या तटातून जाणाऱ्या एस्टीपर्यंत. दरवर्षी दत्ताच्या यात्रेआधी रंगाचा एक हात आणि बाकाची तपासणी, त्यासाठी आम्ही मावसभावंडांनी थोडे पैसे बाजूला टाकायचे. छोटीशी अक्षयनीवीच म्हणा.

पाटी लावायची की नाही यावर दादाचं आणि माझं एकमत झालेलं नाही. तो म्हणतो, आजोबांचं नाव लावू. मी म्हणतो, एका ओळीत लावू, आणि बाकापेक्षा लहान.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आधी बाक करा. मग बघू." तिच्या भाषेत हे "येईन" असंच असतं.

तुमच्या गावच्या थांब्यावर पुढच्या वेळी जाल तेव्हा एवढंच करून बघा. माणसं कुठे बसलीत आणि जागा कुठे बांधलीय, ते मोजा. दोन्ही आकडे जुळले तर त्या गावाचं नाव मला जरूर कळवा, मी मुद्दाम बघायला येईन. एस्टीनेच.